अबोल्यातलं घर

"हे घर मोजायचं नाही, मिस्त्री," असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी पटाच्या कोपऱ्यातल्या एका रिकाम्या जागेवर टेकलेलं त्याचं बोट अलगद बाजूला सारलं, आणि जिना उतरताना पायऱ्या संपल्या असं समजून पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं काहीसं त्याला झालं. मंगळवार होता, दुपारचे पावणेदोन. दवाखान्याच्या मागच्या खोलीत तो एकतीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवत आला होता. तिथल्या टेबलावर मेणाच्या पट्ट्या आणि प्लास्टरचे जबडे एका अंगाला सारून जेवणाच्या सुट्टीत दोघांचा 'गो' नावाच्या जपानी खेळाचा डाव चाले. खेळ तसा साधा. एकोणीस रेघा आडव्या, एकोणीस उभ्या. एकाकडे काळ्या सोंगट्या, दुसऱ्याकडे पांढऱ्या. आळीपाळीने एकेक ठेवत जायची आणि आपल्या सोंगट्यांचं कुंपण घालून रिकामी जागा घेरायची. समोरच्याची सोंगटी चहूबाजूंनी कोंडली की ती मेली, ती पकडून पटावरून उचलायची. घेरलेली प्रत्येक रिकामी जागा म्हणजे एक घर, आणि शेवटी ज्याची घरं जास्त तो जिंकला. डॉक्टरीणबाई दवाखान्यात नव्या होत्या आणि वयाने त्याच्या मुलीएवढ्या, म्हणजे त्याला मुलगी असती तर. तीन महिन्यांपूर्वी त्या मोबाइलवर एकट्याच खेळत बसल्या असताना त्याने मागून जाता जाता "काळ्याचा कोपरा गेला" एवढंच म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी बाई गुंडाळता येणारा रबरी पट घेऊन हजर. तेव्हापासून तो नेमाने हरत होता. हरण्याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. आजही तो वीसेक घरांनी बुडालेलाच होता, त्यात ते एक घर धरलं काय आणि सोडलं काय, दर्या में खसखस. तरी त्याने विचारलं, "का नाही मोजायचं?"

"कारण इथे कुणीच कुणाला मारू शकत नाही. हे बघा, तुमच्या सोंगट्यांच्या पोटात एक रिकामं घर, माझ्या पोटात एक, आणि मध्ये ही एक सामाईक जागा. जो आधी त्या जागेत हात घालेल तो मेला. म्हणून आपण दोघंही गप्प बसलोय."

"अबोला," तो म्हणाला.

"काय?"

"आमच्या घरी याला अबोला म्हणतात. जो आधी तोंड उघडेल त्याचं मरण."

बाईंना तो शब्द इतका आवडला की त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला. मग म्हणाल्या, "तर मग लक्षात ठेवा, अबोल्यात घर मिळत नाही. कुणालाच नाही."

"पण माझे वडील मोजायचे."

"मग ते दुसऱ्या पद्धतीने मोजत असतील. मोजायच्या पद्धती दोन आहेत ना. एकीत फक्त घेरलेली रिकामी घरं मोजायची, आणि पकडलेल्या सोंगट्या ज्याच्या त्याच्या घरात परत भरायच्या, म्हणजे त्याची तेवढी घरं कमी."

"हीच आमची."

"दुसरीत रिकामी घरं अधिक पटावर उभ्या असलेल्या आपल्या सोंगट्या, असं सगळंच मोजायचं. त्या पद्धतीत अबोल्यातलं घरही धरतात. पण दोघांचं हं. तुमचंही आणि माझंही. शेवटी निकाल बहुतेक तोच येतो, फार तर एखाद्या घराचा फरक."

"आणि एकाचं धरायचं, दुसऱ्याचं नाही, अशी पद्धत?"

"अशी कुठली पद्धत असणार, मिस्त्री?" बाई हसत हसत सोंगट्या गोळा करू लागल्या. "आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं?"

त्या हात धुऊन पेशंटकडे गेल्या आणि तो कामाला बसला. हा माणूस कामाला बसला की जगाचा विसर पडायचा, अशी त्याची ख्याती होती. मेणात एकेक दात बसवताना तो ओठ दुमडून घ्यायचा, जणू आपलेच दात मध्ये यायचे. आणि खालचा-वरचा जबडा मिटून पाहिला, कट् असा कोरडा आवाज आला, की त्याला जे समाधान व्हायचं ते पुष्कळांना आयुष्यात दोन-तीनदाच होतं, आणि याला रोज तीन-चार वेळा होई. तो सुखी माणूस होता. असं स्वतःबद्दल म्हणायला माणसं कचरतात, नजर लागेल म्हणून. तो कचरत नसे. पण त्या दुपारी त्याच्या कानात राहून राहून एकच वाक्य वाजत होतं. "आणि हे एक." बाबांचा आवाज, बाबांचं बोट, आणि त्या बोटाने पांढऱ्यांच्या पोटातल्या रिकाम्या जागेवर दिलेली एक हलकी टिचकी. आणि हे एक. संध्याकाळी त्याने पाहिलं तर एका निवृत्त हेडमास्तरांच्या कवळीत डावीकडची दाढ उजवीकडे बसलेली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. त्याने मेण तापवून ती काढली, आजूबाजूला कुणी पाहिलं नाही याची खात्री केली आणि उगाचच घसा खाकरला.

टिचकी सोळा वर्षांपूर्वीची होती. आई जाऊन सहा महिने झाले होते, आणि टपालखात्यात चाळीस वर्षं पत्रांची वर्गवारी करून निवृत्त झालेले बाबा जुन्या जागेत एकटे राहत होते. एकटे ठेवायचे नाहीत यावर त्याचं आणि ताईचं एकमत होतं. भांडण होतं ते कुणाकडे ठेवायचे यावर. लोकांची भांडणं 'तू ने, तू ने' अशी असतात. यांचं 'मी नेतो, मी नेते' असं होतं, आणि शेजारपाजारचे म्हणत की हे त्याहून वाईट, कारण यात कुणाला लाज वाटून माघार घ्यायची सोय नाही. ताई चार वर्षांनी मोठी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, दिवसभर परक्यांना परक्यांशी जोडून द्यायची, आणि घरी आली की सगळ्यांना सुतासारखं सरळ करायची. तिचं घर भरलेलं होतं: नवरा होता, दिवसातून दहा माणसं यायची-जायची, मागल्या अंगणाकडे तोंड केलेली एक खोली रिकामी होती. त्याचं घर म्हणजे दोन खोल्या आणि तो. त्याची बायको आदल्या वर्षीच निघून गेली होती. भांडून नव्हे, एके दिवशी तिने सांगितलं की तुमच्यात वाईट काहीच नाही, पण मला इथे श्वास घेतल्यासारखं वाटत नाही, आणि त्याने तिची बॅग खाली टॅक्सीपर्यंत नेऊन दिली. त्यानंतर त्याचं नीट चाललं होतं असं त्याचं मत होतं. उभ्या उभ्या पाव खायचा, भांडं एकच असल्यामुळे ते तेवढंच धुवायचा, आणि रविवारी दिवसभर झोपायचा. असं वर्ष गेलं.

"पटावर ठरवा," असं बाबाच म्हणाले. हा खेळ त्यांनी तार खात्यातल्या एका सहकाऱ्याकडून उचलला होता आणि दोन्ही पोरांना अक्षरओळखीच्या आधी शिकवला होता. त्यांचा घरचा एक दंडक होता: खेळायचं पोरांनी, मोजायचं बाबांनी. पोरं मोजायला लागली की मारामाऱ्या होतात, असं ते म्हणत. त्यामुळे त्याला कुंपण घालता येई, कोपरा जगवता येई, समोरच्याचा कोपरा मारता येई. मोजणी मात्र त्याच्या लेखी वडिलांचं काम होतं, घड्याळाला किल्ली देण्यासारखं. मोठेपणी बाबांशी खेळायचा तेव्हाही डाव संपला की तो चहा टाकायला उठायचा आणि परत येईतो बाबांनी सगळं मोजून निकाल तयार ठेवलेला असायचा. तर त्या दिवशी पटावर ठरवायचं ठरलं. जिंकेल त्याच्याकडे बाबा. ताईकडे काळ्या, त्याच्याकडे पांढऱ्या. पांढऱ्याला नंतर हात टाकावा लागतो म्हणून त्याला साडेसहा घरं आधीच मिळतात, आणि त्यातलं अर्धं घर अशासाठी की डाव बरोबरीत सुटून कुणाचा जीव टांगणीला लागू नये. सकाळी दहाला बसले ते चारला उठले. ताईचा नवरा मध्ये दोनदा येऊन "अरे जेवा तरी" म्हणून गेला. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात अबोला धरला गेला, तिच्या पोटात एक घर, याच्या पोटात एक, आणि बाकीच्या पटावर इंच इंच लढून अखेर दोघांनीही "पास" म्हटलं. मग बाबा खुर्ची ओढून पुढे आले. पकडलेल्या सोंगट्या त्यांनी ज्याच्या त्याच्या घरात भरल्या, दहादहाचे चौकोन केले, पत्रं लावावीत तशा सराईत बोटांनी. "काळ्याची एकसष्ट," ते म्हणाले. "पांढऱ्याची चोपन्न," आणि कोपऱ्यात टिचकी मारून, "आणि हे एक. पंचावन्न. साडेसहा धरून साडेएकसष्ट. पांढरा अर्ध्या घराने." मग दोघांकडे पाहून त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "मान्य?" तो "मान्य" म्हणून ओरडलाच होता. ताईने काही वेळ पटाकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग म्हणाली, "मान्य." त्यानंतर तिने सोंगटीला पुन्हा कधी हात लावला नाही. ताईला हरणं पचत नाही, अशी त्याने आपली समजूत करून घेतली होती आणि तिच्या पाठीमागे तो ते कौतुकाने सांगायचाही.

आणि मग ती अकरा वर्षं. त्याला कुणी विचारलं असतं की तू आयुष्यात काय केलंस, तर त्याने कवळ्या सांगितल्या नसत्या. त्याने सांगितलं असतं की मी वडिलांना अकरा वर्षं सांभाळलं. सांगितलं नसतं म्हणा, पण मनात म्हटलं असतं. बाबांचं करणं सोपं नव्हतं. त्यांना एकट्याला घास उतरायचा नाही, म्हणून तो बरोबर सातला घरी यायचा आणि टेबलाशी समोरासमोर बसून जेवायचा. त्यांचा गुडघा धरायचा, म्हणून रोज संध्याकाळी त्यांना हाताला धरून नदीच्या पुलापर्यंत न्यायचा आणि आणायचा; वाटेत बाबा चार ठिकाणी थांबून चार माणसांशी बोलायचे आणि त्यालाही बोलायला लावायचे. रविवारी त्यांना बाजार पाहिल्याशिवाय करमायचं नाही. पेपरातलं बारीक अक्षर त्यांना दिसायचं नाही, म्हणून सकाळी उठून तो त्यांना पेपर वाचून दाखवायचा, पहिल्या पानापासून हरवल्या-सापडल्यापर्यंत. वाचता वाचता दोघं हसायचे, सरकारला नावं ठेवायचे, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत त्याच्या गळ्याला आवाजाची सवय झालेली असायची. रात्री एक डाव. पेपर न दिसणाऱ्या त्या माणसाला पटावरची मेलेली सोंगटी दाराच्या उंबऱ्यातून दिसायची, यावरून तो त्यांना चिडवायचा, तर ते म्हणत, "काळं-पांढरं दिसतं रे. मधलं दिसत नाही." पाच वर्षांपूर्वी ते झोपेतच गेले. त्याला दुःख झालं, पण त्या दुःखाला कुठे खाच नव्हती. वडिलांचं सगळं आपल्या हातून झालं, असं म्हणायची सोय किती जणांना असते?

आता खाच दिसत होती. तीन दिवस तो ती जिभेने चाचपत राहिला, दात पडलेल्या जागेशी माणूस खेळतो तसा. शुक्रवारी संध्याकाळी त्याने कपाटावरून बाबांचा पट खाली काढला. जाडजूड लाकडी पट, पाच वर्षांची धूळ. पुसून टेबलावर ठेवला आणि तो डाव मांडायला लागला. सोळा वर्षांपूर्वीचा डाव कुणाला आठवतो, असं कुणी म्हणेल. पण आपल्या लग्नाच्या दिवशी कोणते बूट घातले होते ते न आठवणाऱ्या या माणसाला त्या डावातली एकूण एक सोंगटी आठवत होती. मांडून झाल्यावर त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतः मोजलं. पकडलेल्या सोंगट्या भरल्या, दहादहाचे चौकोन केले. काळ्याची एकसष्ट. पांढऱ्याची चोपन्न, साडेसहा धरून साडेसाठ. पुन्हा मोजलं. साडेसाठ. अबोल्यातलं धरायचं तर दोघांचं धरा: बासष्ट, साडेएकसष्ट. फरक तोच, अर्ध्या घराचा, आणि तो ताईच्या बाजूने. सगळा पट दुसऱ्या पद्धतीने मोजावा असाही वकिली विचार त्याच्या मनात येऊन गेला, पण त्यासाठी शेवटची सोंगटी कुणी ठेवली होती ते कळायला हवं, आणि नेमकं तेवढंच आठवेना. आणि आठवलं असतं तरी काय? बाबांनी तर पहिल्याच पद्धतीने मोजलं होतं, आणि त्यांचं ते "आणि हे एक" जगातल्या कुठल्याच पद्धतीत बसत नव्हतं. चुकले असतील? चाळीस वर्षांत ज्या माणसाच्या हातून एक पत्र चुकीच्या खणात पडलं नाही तो माणूस?

खिडकीतून शेजारच्या घरातली कपबशांची खणखण येत होती. तो पटासमोर बसून राहिला. वाईट वाटत होतं का? वाटत होतं, पण पटाकडे पाहिलं की डाव सुंदर वाटत होता, आणि त्या दोन भावना एकमेकींना न ढकलता शेजारी शेजारी बसल्या होत्या. खरी भीती निराळीच होती. ही अकरा वर्षं ताईची होती. तो सातचा घास, तो पूल, तो पेपर, हे सगळं तिच्या अंगणाकडच्या खोलीत व्हायला हवं होतं. आणि आज त्याच्याजवळ ताईशिवाय कुणी नव्हतं. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला; तेव्हापासून ती मागे लागली होती की ती खोली रिकामीच आहे, तू इकडे ये, दोन घरांची दोन कुलपं कशाला. तो हसून टाळायचा. कुणाच्या आधाराने राहायचा त्याचा स्वभाव नाही, असं तो म्हणे. ज्याने वडिलांना सांभाळलं तो कुणाकडून कसा सांभाळून घेणार? आता तिला सांगितलं तर काय होईल? आणि नाही सांगितलं तर? न सांगण्याचा मार्ग सोपा होता, कोपऱ्यातल्या सोंगट्यांसारखं गप्प बसायचं, कुणी मरत नाही. शनिवारभर त्याने तसं करून पाहिलं. हेडमास्तरांची कवळी घासून चकचकीत केली, जबडा मिटून पाहिला, कट् असा आवाज आला, आणि समाधान काही झालं नाही. तेव्हा मात्र तो घाबरला. रोजचं तीन-चार वेळांचं समाधान असं अर्ध्या घरापायी घालवणं त्याला परवडणारं नव्हतं.

रविवारी सकाळी तो पट काखोटीला मारून आणि सोंगट्यांचे दोन डबे पिशवीत घालून ताईकडे गेला. ताई तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत उभी होती. तो अजून रस्ता ओलांडत होता तोच वरून आवाज आला, "शर्टाचं दुसरं बटण तुटलंय तुझं. आणि ते काय आणलंयस?" त्रेसष्टाव्या वर्षीही तिचा आवाज चार रस्ते ओलांडायचा. वर जाऊन त्याने पट तिच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला. तिने त्याच्यापुढे चहा ठेवला, सुई-दोरा काढला, बिनचष्म्याने एका झटक्यात ओवला आणि म्हणाली, "शर्ट काढ." मग बनियनवर बसून त्याने सोंगट्या मांडायला सुरुवात केली. दहा-बारा सोंगट्या झाल्यावर ताईच्या हातातली सुई थांबली. चाळीस झाल्यावर तिने बटण बाजूला ठेवलं.

"हा तो डाव आहे," ती म्हणाली.

"हो."

"सगळा आठवतोय तुला?"

"थांब ना." त्याने शेवटपर्यंत मांडला. मग पकडलेल्या सोंगट्या भरल्या, चौकोन केले. "काळ्याची एकसष्ट," तो म्हणाला. "पांढऱ्याची चोपन्न. साडेसहा धरून साडेसाठ." त्याने कोपऱ्यावर बोट ठेवलं. "अबोल्यातलं घर मोजत नाहीत, ताई. मला मंगळवारी कळलं. तू जिंकली होतीस."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं इतका वेळ चाललं की चहावर साय धरली. "मंगळवारी?" ती म्हणाली. "कुठल्या मंगळवारी?"

"या."

"परवाच्या? तुला तोवर माहीत नव्हतं?"

"आईशप्पथ नव्हतं."

"अरे गाढवा," असं म्हणून ताई हसायला लागली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला, आणि मग ते हसणं राहिलं नाही. त्याने आपला चहाचा कप तिच्याकडे सरकवला. "सोळा वर्षं," ती म्हणाली, "सोळा वर्षं मी समजत होते की तुला माहीत आहे. तू बघितलंस आणि डोळा मिटून घेतलास. बाबांनी मारली टिचकी आणि तू लगेच 'मान्य' म्हणून ओरडलास! मला वाटलं, हा माझा भाऊ, याला मी शाळेत हात धरून नेलं, आणि यानं अर्ध्या घरासाठी असं करावं."

"आणि तरी तू दर रविवारी मला जेवायला..."

"मग काय उपाशी ठेवू?" तिने नाक पुसलं. "पहिलं वर्ष फार दुखलं. जेवायला वाढायचे तेव्हा मनात यायचं, खा लबाडा. मग तेही गेलं. भाऊ एकच असतो, त्याला बदलून थोडाच मिळतो."

"पण तू तेव्हाच का नाही बोललीस? बाबांनी विचारलं होतं, मान्य का म्हणून. तू नाही म्हटलं असतंस तर..."

"मी बाबांकडे पाहिलं ना. ते माझ्याकडेच बघत होते. बाबा कधी मोजताना चुकलेले पाहिलेस? ते चुकले नाहीत. ते मला विचारत होते." ताईने बोटाने कोपऱ्यातल्या पांढऱ्या घरावर टिचकी मारली, अगदी बाबांसारखी. "दुसऱ्या दिवशी मी त्यांना एकटं गाठलं. म्हटलं, बाबा, माझ्याकडे काय कमी होतं? तर म्हणाले, 'कमी काहीच नाही. तुझ्याकडे आलो तर तू मला बसवून ठेवशील, हातात आणून देशील, मी महिन्याभरात म्हातारा होईन. त्याच्याकडे मला काम आहे.'"

"काम? माझ्याकडे कसलं काम?"

ताईने बाजूला ठेवलेलं बटण घेऊन शर्टाला टाचलं. मग दाताने दोरा तोडला.

त्याला वाटलं आपण विचारलं त्याचं उत्तर मिळालेलं नाही. आणि मग ते हळूहळू यायला लागलं, एकेक करून, पटावर सोंगट्या याव्यात तसं. सात वाजता ज्यांना एकट्याला घास उतरत नसे, ते तो दवाखान्यात असताना दुपारी एकटेच व्यवस्थित जेवत; ताट तर धुऊन पालथं घातलेलं असायचं. ज्यांचा गुडघा धरायचा, ते तो कामावर गेल्यावर तीन मजले उतरून केस कापून यायचे. न्हाव्यानेच एकदा सांगितलं होतं आणि त्याला वाटलं होतं, न्हावी थापा मारतोय. वाटेत चार माणसांशी बोलायचं ते बाबांना नव्हतं बोलायचं. रविवारी झोपून काढायचा दिवस बाजारात कुणी ओढून नेला होता? आणि तो पेपर. उंबऱ्यातून मेलेली सोंगटी दिसणाऱ्या माणसाला बारीक अक्षर दिसत नाही! बायको गेल्यावर त्या दोन खोल्यांत तो दिवसचे दिवस तोंड उघडत नसे. हे त्याचं त्याला कधी जाणवलंही नव्हतं, आणि तो म्हातारा सकाळी सकाळी त्याच्या हातात पेपर कोंबून त्याला हरवल्या-सापडल्यापर्यंत बोलायला लावत होता. अकरा वर्षं. मी त्यांना सांभाळलं, असं तो मनात म्हणत होता, आणि समोर बसून ते ती समजूतही सांभाळत होते. त्याला हसू फुटलं, मोठ्ठं, बनियनवर बसलेल्या माणसाला न शोभणारं. ताईही हसली. दोघं बराच वेळ हसत होती, एक थांबलं की दुसरं सुरू करायचं. लहानपणी बाबांनी दिवा मालवल्यावर असंच व्हायचं.

"लबाड म्हातारा," तो म्हणाला.

"पक्का," ताई म्हणाली. "मला शपथ घातली होती, त्याला सांगू नकोस. मी म्हटलं, सांगायचं काय, त्याला माहीतच आहे!"

मग जेवण झालं, दुपार कलली. त्याने शर्ट घातला, सोंगट्या वेचून डब्यांत भरल्या, काळ्या काळ्यांत, पांढऱ्या पांढऱ्यांत, आणि रिकामा पट उचलून काखेत घेतला. ताई अंगणाकडच्या खोलीच्या दाराशी उभी होती. त्या खोलीत त्याने इतक्या वर्षांत कधी नीट डोकावलं नव्हतं. खिडकीशी एक टेबल होतं, वर काहीच नव्हतं, आणि दुपारचं ऊन त्या टेबलावर चौकोन करून पडलं होतं.

"जड आहे तो," ताई म्हणाली. "परत कशाला नेतोस?"

"राहू दे म्हणतेस?"

"जिंकेल त्याच्याकडे, असं ठरलं होतं."

"बाबा तर गेले, ताई."

"बाबांचं मी बोलतच नाहीये." ती पुढे आली आणि त्याच्या कॉलरवरचा दोऱ्याचा एक बारीकसा तुकडा चिमटीत धरून उचलला. मग खिडकीबाहेर पाहत, जणू आत्ताच आठवलं अशा स्वरात म्हणाली, "हल्ली मला पेपरातलं बारीक अक्षर अगदी दिसत नाही रे. सकाळी कुणी वाचून दाखवणारं असतं तर बरं झालं असतं."

त्याने तिच्या चिमटीतल्या दोऱ्याकडे पाहिलं. मग त्याने काखेतला पट काढला आणि उन्हातल्या त्या टेबलावर ठेवला, नीट मध्यावर आणून.

"पहिल्या पानापासून?" त्याने विचारलं.

"हरवल्या-सापडल्यापर्यंत," ताई म्हणाली. "मान्य?"

"मान्य," तो म्हणाला, पण या वेळी ओरडला नाही.